रामरीची घंटी

"आमची घंटी चोरीले गेली, मॅडम. अन् गाव म्हन्ते, ती म्याच चोरली."

जिना चढून आल्याबरोबर खेमसिंग राठोडनं एवढं सांगून टाकलं आणि मग खुर्ची ओढून तो बसला. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पांढरा शर्ट, खांद्यावर दुपट्टा. रात्रभर झोपला नसावा.

उर्वशी ढोलेनं टेबलावर टेकलेलं डोकं वर केलं. यवतमाळच्या लोहारा रस्त्यावर, झेरॉक्सच्या दुकानावर तिचं ऑफिस होतं. पाटीवर 'खासगी चौकशी' असं लिहिलेलं, पण कामं बहुतेक लग्नाआधीच्या चौकशांची. अख्खा आठवडा ती वणीत एका ट्रकमालकाच्या होणाऱ्या जावयामागे फिरली होती. जावई दारू पीत नव्हता, पत्ते खेळत नव्हता. एवढी कोळशाची धूळ खाऊन 'मुलगा चांगला आहे' एवढंच सांगावं लागलं, आणि ते ऐकून ट्रकमालकाचंच तोंड उतरलं. अशा कामांनी माणूस थकतो. उर्वशी थकली होती, आणि ते लपवण्याइतकाही उत्साह तिच्यात उरला नव्हता.

"कोणती घंटी? देवळातली?" कोपऱ्यातून कपिल ठोंबरेनं विचारलं. कपिल तिचा सहकारी, ड्रायव्हर आणि वेळप्रसंगी चहावाला. माणूस सरळ, भूक मोठी, डोकं सावकाश.

"खेचराची," खेमसिंग म्हणाला.

मग त्यानं जे सांगितलं ते ऐंशी वर्षांपूर्वीचं होतं, पण तो कालचं भांडण सांगावं तसं सांगत होता.

बोरी अरबच्या थोडं आत पिंपळखेडा गाव, आणि गावाला लागून बंजाऱ्यांचा तांडा. दुसऱ्या महायुद्धात तिथून दोघं फौजेत गेले. गावातून रामराव गावंडे, तांड्यातून उत्तमसिंग चव्हाण. रामराव पायदळात गेला. उत्तमसिंगच्या हाती खेचरं दिली, कारण त्याच्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलूख पालथा घातला होता. १९४५ च्या जानेवारीत दोघं ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याजवळच्या रामरी बेटावर उतरले. बेट जपान्यांच्या ताब्यात होतं.

एका रात्री दारूगोळा लादलेली खेचरं खाडीचा नाला ओलांडत होती आणि रामरावची तुकडी सोबत होती. पलीकडच्या झाडीतून मशीनगन सुरू झाली. रामराव चिखलात पडला तो उठलाच नाही. लढाई संपल्यावर उत्तमसिंग घरी परतला, येताना खेचराच्या गळ्यातली पितळी घंटी घेऊन. गावानं आपला हिशेब मांडला. घंटी वाजली, जपान्यांनी ऐकली, रामराव मेला.

"उत्तमसिंग माहा आजा. मरेस्तोवर सांगत राह्यला, घंटी वाजली नाही म्हून," खेमसिंग म्हणाला. "कोनी ऐकलं नाही. गावात त्याले कोनी रामराम घालत नव्हतं. माही याडी, म्हंजे माय, त्याची पोरगी मानीबाई, लहानपनापासून हेच ऐकत आली. घंटीवाल्याची पोरगी."

"मग आता घंटी कुठून आली?"

"पुंडलिकराव मास्तर हायेत आमच्या गावात. रामरीच्या लढाईवर पुस्तक लिहिलं त्याईनं. दोन वर्षांमागं याडीनं घंटी त्याईच्या हवाली केली. गावातल्या खोलीत काचेखाली ठेवली होती. उद्या सकाळी दगड बसून राह्यला, दोघायच्या नावाचा. पन रामरावच्या घरच्या इंदुताई अडून बसल्या. बुधवारी बैठक झाली. याडी बोलली, घंटी माह्या हाती द्या, सगळ्यायसमोर हलवतो, वाजनार नाही. इंदुताई म्हन्ल्या, ठीक. नाही वाजली तं नाव राहीन, वाजली तं पुसायचं."

"आणि मग चोरी झाली."

"काल दुपारी. सारं गाव वावरात, कापूस वेचाले. अन् जाता जाता घंटी वाजली, मॅडम! बाजूच्या खोलीत अपेक्षा शिवण शिकवते, तिनं ऐकलं. आता गाव म्हन्ते, पाहा, वाजतेच. म्हूनच खेमसिंगनं उचलली." त्यानं दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "ठाण्यात गेलतो. ते म्हन्ले, पितळेची घंटी ना, देजा लिहून. उद्या आजाचं नाव पुसलं तं याडी जगनार नाही. तिनं आता एवढ्यासाठीच जीव धरला हाय."

"तुम्ही चोरली का?"

"नाही जी."

"बरं," उर्वशी म्हणाली आणि पर्स उचलली. "कपिल, गाडी काढ."

*

पिंपळखेड्याच्या वेशीवर मोठा फ्लेक्स लागला होता. वर पुढाऱ्यांचे चेहरे, खाली 'रामरीच्या वीरांना मानवंदना', आणि मधोमध घंटी. कुणीतरी ती उंच धरून खालून फोटो काढला होता.

"एवढ्या पुढाऱ्यायत हे एकटीच तोंड उघडून हाय," कपिल म्हणाला. "पाहा ना ताई, जीभसुद्धा दिसून राह्यली."

उर्वशी हसली नाही. तिनं काच खाली करून फ्लेक्स नीट पाहिला. "हा कधी केला?"

"मागच्या हप्त्यात," खेमसिंग मागून म्हणाला. "बैठकीच्या आधीच. मास्तरनंच दारव्ह्याहून छापून आनला."

पुंडलिकराव मास्तर खोलीच्या दारातच उभे होते. सत्तरीचे, इस्त्रीचा सदरा, नाकावर घसरणारा चष्मा. दाराचा कोयंडा उपटून लोंबकळत होता. आत भिंतीवर बेटाचा नकाशा होता, मास्तरांनी स्वतःच्या हातानं रंगवलेला. निळा समुद्र, हिरवी झाडी, आणि होड्या कुठं लागल्या ते दाखवणारे लाल बाण.

"आधी युद्धनौकांनी तोफा डागल्या," मास्तर आपोआपच बोलू लागले. "मग हिंदी पलटणी होड्यांतून उतरल्या. किनारा सोपा गेला. खरं मरण पुढं होतं, खारफुटीत. भरती आली की नाले भरायचे, ओहोटी लागली की गुडघाभर चिखल. जपानी माघार घेत त्या चिखलात शिरले, आणि आपल्या लोकांनी नाले अडवले."

"मगरीनं शेकडो जपानी खाल्ले म्हन्तात, ते तिथलंच का?" कपिलनं उत्साहानं विचारलं.

मास्तरांचे खांदे पडले. "वीस वर्षं मी या लढाईत घालवली साहेब. जो येतो तो मला मगरी किती होत्या तेवढंच विचारतो."

उर्वशीला त्या क्षणी हा माणूस आवडून गेला. खरं सांगितलं की लोकांना ते कमीच वाटतं, हे ट्रकमालकानं तिलाही शिकवलं होतं.

टेबलावर लाल मखमल अंथरली होती. काचेची मोठी पेटी, जी मखमलीवर पालथी असायची, ती आता खाली फरशीवर होती. पेटीखाली सतरंजीची घडी होती.

"काल होती तशीच आहे," मास्तर म्हणाले. "मी हात लावला नाही."

उर्वशी मखमलीवर वाकली. दोन वर्षांच्या उन्हानं तिचा रंग विटून विटकरी झाला होता. घंटी उभी असायची तिथं मात्र लाल वर्तुळ राहिलं होतं. तिनं कपिलला बोलावलं. "काय दिसते?"

"गोल," कपिल म्हणाला. मग डोळे बारीक करून, "गोलात गोल. आतला गडद लाल, अन् त्याच्याभोवती बोटभर फिकट पट्टा."

"सावली पडली असेल," मास्तर म्हणाले.

शेजारच्या खोलीत अपेक्षा मशीनवर बसली होती. पंचविशीची मुलगी, गावातल्या बायकांना शिवण शिकवणारी. "दुपारी एकटीच होती जी मी. आधी कोयंडा उपटल्याचा आवाज आला, पन मले वाटलं सुतारकाम चालू हाय उद्याच्यासाठी. मंग घंटी वाजली. टन्न, एकदाच, मंग कोनी हातानं दाबल्यावानी बंद. मी आधी गाय समजली."

"आणि नंतर?"

"गाई तं वावरात होत्या. म्हून उठून पाहिलं, तं कोनीच नाही." तिनं सुईतला दोरा ओढला. "मॅडम, मले खेमसिंगकाकाचं वाईट वाटून राह्यलं. पन ऐकलं ते ऐकलं."

*

इंदुताई गावंडे अंगणात तुरीच्या शेंगा बडवत बसल्या होत्या. रामराव त्यांचा सासरा, पण तो मेला तेव्हा यांचा जन्मही झाला नव्हता. हातातलं लाकूड खाली न ठेवताच त्या बोलल्या.

"मी चोरन? मी कायले चोरन बाप्पा? मले तं सगळ्यायसमोर वाजवून पाहायची होती!"

"एवढा राग?"

"राग माहा नाही, माह्या सासूचा हाय. तिच्याकडून घेतला म्या." लाकूड थांबलं. "सासूनं नवऱ्याच्या करदोड्याले चांदीचा ताईत घडवून देला होता, जाताना. वर बैलाची जोडी कोरलेली. कमरेले करदोडा बांधल्याशिवाय आपला मानूस राहत नाही, अन् मेल्यावर घरच्यानं तो तोडावा लागते. सासू मरेस्तोवर एकच विचारे, माह्या मानसाचा करदोडा तिथं कोनी तोडला असन का? का तसाच कुत्र्यावानी गेला चिखलात? आता तुम्हीच सांगा, मी काय उत्तर देऊ तिले?"

उर्वशी त्यांच्याजवळ उकिडवी बसली. तिनं विचारलं, "उत्तमसिंग परत आल्यावर तुमच्या घरी आला होता का?"

"आलता म्हने. दारातून हाकलला. माह्या आजेसासऱ्यानं दगड उचलला होता."

तांड्यात मानीबाई बाजेवर बसली होती. डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा, अंगात आरशांची कांचळी, कमरेला भरतकामाची जुनी पिशवी. उर्वशीचा आवाज आला तशी तिनं हात पुढं केला आणि तिची बोटं चाचपून पाहिली.

"बाई हाय," ती म्हणाली. "बरं झालं. बाप्येमानसं पुरे झाले मले."

"आजी, घंटी वाजणार नाही हे तुम्ही एवढ्या ठामपणे कसं सांगता?"

"तिले जीभ नाही." मानीबाईनं हे असं सांगितलं, जसं कुणी मडक्याला पाणी नाही म्हणावं. "आमच्या लदेनीत रीत होती. लदेनी म्हंजे लादलेले बैल घेऊन जायाचं. चोराचं रान आलं का म्होरक्या बैलाच्या घंटीची जीभ काढायची अन् नायकानं कमरेले बांधायची. रान सरलं का परत लावायची. माह्या बानं त्या बेटावर तेच केलं. होडीत चढायच्या आधी काढली. ते परत कधीच लावली नाही त्यानं. म्हने, रान सरलं नाही अजून."

"हे गावाला सांगितलं नाही?"

"सांगाले गेलता. दगड घेऊन उभे होते. मंग त्यानं सांगनं सोडलं. मी बुधवारी तेवढंच बोलली, वाजनार नाही म्हून. मास्तर म्हने, आजी, तुम्हाले दिसत नाही, मीच हलवतो. म्या म्हन्लं, डोळे गेले, बोटं हायेत. आत जीभ अडकवायची कडी वाकडी हाय, काठाचा टवका उडाला हाय. लहानपनी त्याच घंटीत पानी प्याली मी. बोट लावलं का ओळखन."

"आणि जीभ कुठं आहे?"

मानीबाईचा हात कमरेच्या पिशवीवर गेला. "हाय," ती म्हणाली. पिशवी मात्र तिनं उघडली नाही. "बानं सांगतलं होतं, आधी त्याईनं मानलं पाहिजे. तोवर दाखवायचं नाही. दाखवून मानाले लावलं तं ते मानलं नाही झालं."

तांड्याबाहेर येताच कपिल म्हणाला, "मंग ते पोरगी खोटं बोलून राह्यली. जीभच नाही तं वाजली कशी?"

"तिचं काय जाते खोटं बोलून? तिला तर खेमसिंगचं वाईट वाटते," उर्वशी म्हणाली.

"तं मंग आजी खोटं बोलते."

"खोटी असती तर हलवते म्हणाली असती का?"

कपिलनं डोकं खाजवलं. "दोघी खऱ्या असूच शकत नाही, ताई."

"हेच तर पूर्ण गाव म्हणते," उर्वशी म्हणाली. तिचा आवाज मात्र सकाळच्यापेक्षा बरा होता.

*

मास्तरांच्या घरी चहा झाला. बायको वारल्यापासून ते एकटेच राहत. पुढच्या खोलीत एका कोपऱ्यात पुस्तकांचे गठ्ठे होते, न खपलेले, सुतळीनं बांधलेले. दुसऱ्या अर्ध्या खोलीत कापसाचा ढीग होता. भाव चढेल म्हणून यंदा सगळ्यांनीच कापूस घरात ठेवला होता. खुर्ची एकच, म्हणून कपिल ढिगावर बसायला गेला.

"तिथं नको!" मास्तर ओरडलेच. मग आवाज खाली आणून म्हणाले, "कापूस मळतो हो. भाव पाडतात व्यापारी. इकडे चटईवर बसा."

कपिल ओशाळून चटईवर बसला. मास्तरांनी बशी खाली ठेवली.

"उत्तमसिंगचं नाव दगडावर यावं म्हणून मीच खटपट केली," ते म्हणाले. "त्या रात्री जपानी प्रत्येक उतारावर आंधळा गोळीबार करत होते. घंटी वाजो न वाजो, गोळ्या आल्याच असत्या. पुस्तकात मी हे लिहिलं आहे. कुणी तिथपर्यंत वाचलंच नाही."

"आता घंटी सापडली नाही तर?"

"तर समारंभ पुढं ढकलावा. चोर कोण, ते राहू द्या. माणसं शांत होतील."

परतण्याआधी उर्वशीनं गाडी दारव्ह्याकडे वळवून भांड्यांच्या बाजारात थांबवायला लावली. पितळेची मोड घेणारं जुनं दुकान होतं. काल-आज कुणी जुनी घंटी मोडीत आणली का, असं तिनं विचारलं. म्हातारा दुकानदार नाही म्हणाला. एवढ्यात कपिलला आपल्या भाच्याच्या गोऱ्ह्याची आठवण झाली आणि त्यानं एक छोटी घंटी निवडली. दुकानदारानं ती कागदात बांधायच्या आधी कानाजवळ हलवली.

"लहानच हाय, पन वाजते," कपिल म्हणाला.

"वाजवूनच देतो आम्ही. मुकी घंटी दुकानाची पायरी उतरत नाही. अपशकुन असते. कोनी बिनजिभेची मागतली तरी आम्ही जीभ बसवूनच देतो. घडवनारा असो का विकनारा, सगळ्यायची हेच रीत."

उर्वशीनं डोळे मिटून घेतले. कपिलला वाटलं, तिला झोप आली.

*

रविवारी सकाळी मांडवात सतरंज्या पडायच्या आधीच तिनं पाच जणांना खोलीत बोलावलं. मानीबाईला खेमसिंगनं धरून आणलं होतं. इंदुताई दाराजवळ, पाठ भिंतीला लावून उभ्या होत्या. अपेक्षा खिडकीत, मास्तर नकाशासमोर.

"मी लांबण लावत नाही," उर्वशी म्हणाली. "मला झोप पाहिजे आणि तुम्हाला न्याय. अपेक्षा म्हणते, घंटी वाजली. मानीबाई म्हणतात, तिला जीभच नाही, त्यांच्या बानं काढली होती. गाव म्हणते, दोघींतली एक खोटी. मी दोघींना खरं धरलं. मग एकच उरते. जी वाजली ती मानीबाईची घंटी नव्हती."

खेमसिंगचं तोंड उघडं राहिलं.

"मखमल पाहा. जिथं घंटी उभी होती तिथं दोन गोल आहेत. आधी मोठी घंटी उभी होती, मग तिच्या जागी थोडी लहान आली. मधला पट्टा उघडा पडला, तो तेवढा विटला. म्हणजे परवाची चोरी नकली घंटीची. खरी कितीतरी आधी गेली आहे."

"कधी?" इंदुताईंनी विचारलं.

"वेशीवरचा फ्लेक्स पाहा. खालून काढलेल्या फोटोत जीभ दिसते. माझ्या लक्षात कपिलनं आणून दिलं." कपिलनं उगाचच शर्ट नीट केला. "फ्लेक्स बैठकीच्या आधीचा. म्हणजे तेव्हाच काचेखाली नकली होती. मग ती चोरावी कोणी? इंदुताईंना ती वाजवायची होती, त्या लपवणार नाहीत. खेमसिंगला नकली आहे हे कळलं असतं तर त्यांनी गाव डोक्यावर घेतलं असतं. भीती एकाच माणसाला होती. बुधवारी मानीबाई म्हणाल्या, बोट लावलं की ओळखेन. आतली जीभ उपटून टाकली असती तरी ती बोटं फसली नसती. म्हणून घंटीच नाहीशी करावी लागली, आणि कोयंडा उपटून बाहेरचा चोर दाखवावा लागला."

उर्वशीनं फरशीवरच्या पेटीकडे बोट दाखवलं.

"पण हा चोर घाईत असूनही काचेची पेटी खाली ठेवताना सतरंजीची घडी घालतो. कड फुटू नये म्हणून. असा जीव त्या काचेवर कोणाचा असेल?"

मास्तरांनी चष्मा काढला.

"घडवणाऱ्याला तुम्ही फोटो दिला असेल, मास्तर. तुम्हाला मूळ घंटीची जीभ जुनी होऊन गळाली असं वाटलं होतं, म्हणून त्यानं नवी बसवून दिली तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत. तो तरी काय करणार, मुकी घंटी तो देतच नाही. बुधवारी तुम्हाला कळलं, की त्या नसलेल्या जिभेवरच उत्तमसिंगचं नाव टांगलेलं आहे. तुमच्या कापसाच्या ढिगावर कपिलला का बसू दिलं नाही, ते आता तुम्हीच सांगा. कापसात घंटी वाजत नाही."

मास्तरांनी भिंतीवरच्या नकाशाला हात टेकवला. इतका वेळ जपलेली पुस्तकी भाषा त्यांच्या तोंडून गळून पडली.

"एसटीत गेली," ते म्हणाले. "मागच्या उन्हाळ्यात नागपूरले व्याख्यान होतं. मी घंटी नेली दाखवाले. ऐकाले कोनी नव्हतं, दोन-चार म्हातारे. येताना मले झोप लागली. थकलो होतो मी. यवतमाळले जागा झालो तं पिशवी नाही. डेपोत हिंडलो, ड्रायव्हरच्या घरी गेलतो. नाही भेटली. बाईनं किती भरवशानं देल्ती मले. मी काय सांगू तिले? काय तोंडानं सांगू?"

"अन् मले चोर ठरवलं!" खेमसिंग ओरडला. "सारं गाव माह्या तोंडावर थुंकलं परवा, अन् तुम्ही उभे होते तिथं! चूप उभे होते!"

"होतो," मास्तर म्हणाले. "आता मांडवात सांगतो मी, माइकवर. सगळं सांगतो."

ते घरी गेले आणि घंटी घेऊन आले. तिच्या खाचांत कापसाचे तंतू अडकले होते. टेबलावर ठेवताना ती वाजली. मानीबाईनं नुसतं बोट लावलं आणि हात मागं घेतला.

"परकी हाय," ती म्हणाली. "माह्या बाची गेली तं."

ती रडली नाही. तिचा चेहरा फक्त लहान झाला. गुन्हा उकलला होता, पण ज्या बाईसाठी उकलला तिच्या हाती काहीच आलं नव्हतं. खरी घंटी कुठल्या तरी मोडीत वितळली असेल, आणि उत्तमसिंगची साक्ष तिच्याबरोबर गेली.

"मंग आता परीक्षा कशी व्हायची?" खेमसिंगनं विचारलं. तो इंदुताईंकडे पाहत होता.

इंदुताई भिंतीपासून पुढं आल्या.

"झाली परीक्षा," त्या म्हणाल्या. "बुधवारी हे बाई म्हन्ली, सगळ्यायसमोर हलवतो. आंधळी बाई, साऱ्या गावासमोर. ज्याच्या मनात खोटं असते तो हात पुढं करत नाही. मी तवाच समजली होती, पन मानलं नाही. मानलं तं सासूले काय सांगू, हे वाटे." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "राहू द्या नाव. दोन्ही राहू द्या."

मानीबाईनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "पुन्हा म्हना."

"राहू द्या म्हन्लं, मावशी. नाही वाजली घंटी."

मग मानीबाईनं कमरेची पिशवी सोडली. तिच्यातून तिनं अंगठ्याएवढा पितळेचा तुकडा काढला. घंटीची जीभ. तिच्याभोवती काळा दोरा घट्ट गुंडाळला होता, आणि दोऱ्यात चांदीचा एक ताईत ओवलेला होता.

"त्या चिखलात तुह्या सासऱ्याचं घरचं कोनी नव्हतं," ती म्हणाली. "म्हून माह्या बानं तोडला. हातानं तोडला, अन् माती देल्ली. तुमच्या दारी तेच द्याले आलता तो. दगड पाहून परतला. मले म्हने, बेटी, आधी त्याईले म्हनू दे का घंटी वाजली नाही. मंगच दे. आधी देल्ला तं वाटन, मेलेल्याच्या चांदीनं स्वतःले सोडवून घेतलं."

इंदुताईंनी ताईत तळहातावर घेतला. वर बैलाची जोडी होती, झिजलेली. त्या मटकन खाली बसल्या आणि मोठ्यानं रडू लागल्या. मध्येच सासूला हाक मारून सांगत होत्या, "आत्याबाई, तोडला हो, तोडला होता त्यानं!" मानीबाईनं चाचपत त्यांचं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला. मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे होते. अपेक्षानं पाणी आणलं.

बाहेर माइकवाला 'हॅलो, हॅलो' करू लागला तेव्हा इंदुताई उठल्या. पदर खोचला. टेबलावरची नकली घंटी त्यांनी उचलली. ती हातात वाजली.

"भाऊ," त्यांनी कपिलला विचारलं, "गाडीत पक्कड हाय का?"

कपिल धावत जाऊन पक्कड घेऊन आला. इंदुताईंनी घंटी मांडीत उलटी धरली, आतली कडी वाकवली आणि जीभ ओढून काढली. मग घंटी कानाजवळ नेऊन दोनदा हलवली आणि मानीबाईच्या हाती दिली.

"दगडाजवळ हेच ठेवा," त्या म्हणाल्या. "वाजत नाही आता."